कठीण प्रसंगांच्या गोष्टी आणि आपली मुले

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



  मृत्यू, युद्ध, गरिबी, घरातील ताटातूट अशा विषयांवरच्या कादंबऱ्या आपल्या मुलांनी वाचाव्यात की नाही, ह्याविषयी मी बोलणार आहे. असे एखादे पुस्तक वाचनालयातून घरी गेले की काही पालक ते परत पाठवतात आणि म्हणतात, "सर, एवढ्या लहान वयात हे दुःख कशाला?" हा प्रश्न मायेपोटी आलेला असतो. म्हणून त्याचा विचारही आदराने केला पाहिजे.

प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. हमीदला आईबाप नाहीत. आजी अमीना कष्ट करून त्याला वाढवते. ईदच्या मेळ्यात बरोबरची मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हमीद मात्र आपल्या तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना आजीची बोटे पोळतात. अनाथपण आणि दारिद्र्य ह्यांचीच ही कथा आहे, तरी ती आपण मुलांना प्रेमाने सांगत आलो. म्हणजे मुलांच्या गोष्टीत दुःख नको, असे आपण मुळात मानतच नाही. मग मूल तेराचौदा वर्षांचे झाले, त्याला जग थोडे कळू लागले, की नेमके तेव्हाच आपण का घाबरतो?

अमेरिकेतील लेखिका कॅथरीन पॅटरसन ह्यांची 'ब्रिज टु टेराबिथिया' ही कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. लेखिकेच्या मुलाची एक मैत्रीण वीज पडून गेली होती. त्या दुःखातून हे पुस्तक लिहिले गेले. कादंबरीतील जेसची मैत्रीण ओढा ओलांडताना दोर तुटून मरण पावते. जेसला ते खरेच वाटत नाही. मग त्याला राग येतो. तो धाकट्या बहिणीला मारतो आणि मैत्रिणीने दिलेले रंग ओढ्यात फेकून देतो. एरवी अबोल असणारे वडील त्याला जवळ घेतात. १९७८ साली ह्या पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळाले, आणि पुढे अनेक पालकांनी त्यावर हरकतीही घेतल्या. तेव्हा ही काळजी केवळ आपल्याच घरातली नाही.

घरात मयत झाली की आपण मोठी माणसे धीर धरतो, एकमेकांना सब्र करायला सांगतो. पण कोपऱ्यात बसलेल्या मुलाला राग का येतो, अभ्यास का सुचत नाही, हे कोण विचारते? त्याला वाटते, आपलेच काही चुकते आहे. जेसची गोष्ट वाचणाऱ्या मुलाला एवढे तरी समजते की असे इतरांनाही होते.

दुसरे पुस्तक डेबोरा एलिस ह्या कॅनडाच्या लेखिकेचे, २००० साली आलेले 'द ब्रेडविनर'. पाकिस्तानातील छावण्यांत अफगाण निर्वासित स्त्रियांशी बोलून त्यांनी ते लिहिले. तालिबानच्या पहिल्या राजवटीत काबूलमधल्या अकरा वर्षांच्या परवानाच्या वडिलांना पकडून नेतात. घरात कमावणारे कोणी उरत नाही. ती केस कापते, मृत भावाचे कपडे घालते आणि बाजारात बसून निरक्षर लोकांची पत्रे वाचून देते. एकदा एक तालिबानी शिपाई आपल्या मृत पत्नीचे पत्र तिच्याकडून वाचून घेतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येते. ज्यांनी वडिलांना नेले, त्यांच्यातल्याच एकाचे अश्रू ती मुलगी पाहते. जुलमाला जुलूम म्हणायचे, पण माणसाला माणूस म्हणून पाहायचे, हा धडा किती व्याख्यानांनी देता येईल? आणि अक्षरओळखीवर एका मुलीने घर चालवले, हे आपल्या मुलींनी अवश्य वाचावे. २०२१ मध्ये तालिबानची सत्ता परत आल्यावर तेथे सहावीच्या पुढील मुलींच्या शाळा पुन्हा बंद झाल्या, हे लक्षात घेतले म्हणजे शाळेत जाण्याची किंमत कळते.

ह्याचा अर्थ दुःखाचे प्रत्येक पुस्तक चांगले असा नाही. खप वाढावा म्हणून मारामारी आणि किळस रंगवणारी पुस्तकेही असतात. ती ओळखावी कशी? पुस्तक मिटल्यावर त्या पात्राविषयी कणव वाटते की नुसता थरार उरतो, हे पाहावे. मुलाचे वय आणि स्वभावही पाहावा. ज्याच्या घरी नुकतेच दुःख झाले आहे, त्याच्या हाती तसेच पुस्तक लगेच देऊ नये.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे की पुस्तक परत पाठवण्यापूर्वी स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. उलट अम्मी-अब्बा ऐकत आहेत, ह्याचा मुलाला आनंदच होईल. वाचून झाल्यावर "तात्पर्य काय?" असे विचारू नका. "तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस?" असे विचारा. मग जे मूल चार महिने बोलले नाही, तेही कदाचित बोलू लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तक लपवून वाचू नका. मनाला लागलेली गोष्ट घरी सांगा, शिक्षकांना सांगा. पुस्तक सोबत देते, पण पाठीवर हात माणसालाच ठेवावा लागतो.