यंत्राच्या कानी आपली बोली



विषय यंत्राचा आहे, पण आरंभ भेंडीपासून करतो. मुरबाडकडचे माझ्या परिचयाचे एक आगरी शेतकरी आहेत. पहाटे तोडलेली भेंडी पाट्यांत भरून ते रस्त्याच्या कडेला उभे होते. मोबाइलला त्यांनी तोंडी विचारले, ‘गारी’ कधी येणार? आगरी बोलीत गाडीची गारी होते हे आपणास ठाऊकच आहे. फोनने ‘गाणी’ असे लिहून घेतले आणि एक गाणे लावून दिले! आम्ही दोघे पुष्कळ हसलो. मग त्यांनी घसा साफ करून, शाळेतल्या मुलासारखे ‘गाडी’ म्हटले, तेव्हा काम झाले. घरी आल्यावर मात्र ते हसणे मला टोचू लागले. साठी उलटलेल्या माणसाने स्वतःचा शब्द गिळला, आणि यंत्र जागचे हलले नाही.

यात यंत्राचा खोडसाळपणा नाही. त्याला जे ऐकवले तेच ते ओळखते. माणसांचे बोलणे तासन् तास मुद्रित करावयाचे, त्यातील शब्दन् शब्द लिहून काढावयाचा, आणि ध्वनी व अक्षरे यांची जोडी त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा ठेवावयाची, अशी ही शिकवणी आहे. अडखळले की जो शब्द पूर्वी अधिक वेळा भेटला त्याच्याकडे ते झुकते. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ योजना 2022 साली सुरू झाली. तिचा भर आठव्या परिशिष्टातील 22 भाषांवर. 2025 साली ‘आदि वाणी’ आली, तिचा आरंभ संथाळी, भिली, मुंडारी व गोंडी यांपासून झाला. आपल्या शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतील कातकरी आणि ठाकरी अजून रांगेत उभ्या आहेत.

इकडच्या बोलींकडे विद्वानांनी पाहिलेच नाही असे नव्हे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड 1905 साली निघाला, डॉ. अ. मा. घाटगे यांचे ठाण्याच्या वारलीवरील पुस्तक 1969 सालचे. ग्रिअर्सनसाहेब नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राची कथा त्या त्या बोलीत उतरवून घेत. आणि गंमत पाहा, 2023 साली मेटा या अमेरिकन कंपनीने अकराशेहून अधिक भाषा ऐकणारे यंत्र केले, त्याच्या शिकवणीचा मुख्य आधार पुन्हा नव्या कराराची वाचने! हाताशी होते ते त्यांनी घेतले, दोष देत नाही. परंतु रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मुकादमाशी उचलीचा हिशेब करताना माणूस त्या कथेच्या भाषेत बोलत नसतो.

खेड्यातल्या माणसांना हे काम जमेल काय, अशी शंका शहरात निघते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण गरीब, शहरी गरीब आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा 36 जणांकडून 109 तासांचे मराठी मुद्रण झाले. गरिबांचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीचे निघाले. मात्र तेथे समोरची लिखित वाक्ये वाचावयाची होती. कातकरीत वाचावयास देणार काय? येथे आधी बोलणे, मग लेखन. आणि लिहिताना ‘पानी’ लिहावे की ‘पाणी’? ‘पाणी’ लिहिले की लेखनिकाने ऐकण्यापूर्वीच दुरुस्ती केली! मी म्हणतो, उच्चारले तसे लिहा. लिहिणारी मुले-मुली वाडीतलीच घ्या, आणि बोलणाऱ्याला व लिहिणाऱ्याला रोख मजुरी द्या. हे आवाज पुढे कोणाजवळ राहतील, कोणी विकू शकेल काय, हेही मुद्रणापूर्वी वाडीला सांगितले पाहिजे. तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते; त्या व्यवहारात शहापूरच्या वाट्यास काय आले, हे मी आपणास सांगावयास नको.

राहिला प्रश्न हंगामाचा. पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. आज आपण येथे ज्यांच्या बोलीविषयी बोलत आहोत, त्यांच्या वाड्यांतील कित्येक झोपड्यांची दारे या वेळी बंद आहेत. भाताची लावणी उरकली की दिवाळीपर्यंत माणसे घरी सापडतात. ज्या शिक्षकांना या कामात यावयाचे असेल त्यांनी सभेनंतर मजकडे नावे द्यावीत. पहिली वाडी कोणती घ्यावयाची ते आषाढात ठरवू, म्हणजे श्रावणात जाता येईल.