पुरुषांचा रकाना





स्त्रिया आणि पुरुष किती संख्येने श्रमशक्तीत आहेत याची देशोदेशींची तुलना करायला आपण जमलो आहोत, आणि त्यासाठी सोलापूर योग्य गाव आहे. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे एकेका गिरणीचा भोंगा बंद झाला, तेव्हा शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची चूल पेटती राहिली ती बाईच्या मांडीवरच्या बिडीच्या सुपामुळे. तेंदूची पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यायची. छाट निघाली, म्हणजे वळलेल्या बिड्या बाद ठरल्या, की तेवढी मेहनत पाण्यात. याच बायकांनी संघटनेच्या बळावर झगडून कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत मिळवली. २००६ साली ती घरे त्यांच्या ताब्यात आली. वसाहतीला कष्टकऱ्यांच्या नेत्या गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. पाहुण्यांनी ती पाहिल्याशिवाय परत जाऊ नये.

आता विषयाकडे येतो. जगात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी शंभरात सत्तरहून अधिक श्रमशक्तीत आहेत, स्त्रियांपैकी निम्म्याहून थोड्या कमी. पण सरासरीपेक्षा देशवार तक्ता अधिक बोलका आहे. त्यात पुरुषांचा रकाना जवळजवळ हलतच नाही. देश श्रीमंत असो वा गरीब, धर्म कोणताही असो, आकडा बहुधा साठ ते पंच्याऐंशीच्या दरम्यान राहतो. स्त्रियांचा रकाना मात्र इराक, जॉर्डन, इराणमध्ये विसाच्या आत आहे, तर टांझानिया, मोझांबिकमध्ये सत्तरच्या वर. बाईच्या स्वभावात किंवा अंगच्या ताकदीत देशागणिक एवढा फरक असू शकत नाही. फरक आहे तो भोवतालच्या व्यवस्थेत.

उंच आकडा म्हणजे सुख, असेही समजू नये. मोझांबिकची बाई शेतात राबते कारण न राबून चालणार नाही. आइसलँडमध्येही आकडा सत्तरच्या घरात आहे, पण तिथे तो लढून आला. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी नोकरी आणि घरकाम, दोन्ही एक दिवस थांबवले. मुलांना घेऊन बापांना कामावर जावे लागले. पाच वर्षांनी व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. आणि २००० सालच्या कायद्याने बापाच्या वाट्याची बालसंगोपन रजा वेगळी राखून ठेवली, बापाने ती घेतली नाही तर ती आईला मिळणार नव्हती. मला या सगळ्यात हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण ती पुरुषाच्या दिवसाला हात घालते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून पाच डॉलर रोजाने पाळणाघरे दिली आणि लहान मुलांच्या आया कामावर परतल्या. सौदी अरेबियात २०१८ मध्ये स्त्रियांना गाडी चालवण्याची मुभा मिळाली, नोकरीवरचे इतर निर्बंधही सैल झाले. तिथे पाचांत एकीपेक्षाही कमी असलेले प्रमाण थोड्या वर्षांत तिघींत एकीच्या पुढे गेले. समाज बदलायला शतके लागतात असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. त्याच वर्षी पुरुषांचा ७८.८ होता. ही वाढ स्वागतार्ह आहे, पण ती उघडून पाहा. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी तिघींत एकीहून अधिक घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबतात. त्यांची गणना होऊ लागली हे चांगलेच, पण त्यांच्या हातात पैसा पडलेला नाही.

मग अडते कुठे? २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात उत्तर आहे. रोज घरकाम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. त्या बायकांची त्यात रोज २९९ मिनिटे जातात, त्या पुरुषांची ९७. आमची बिडी कामगार ही पाच तासांची अडचण कामच घरी आणून सोडवते. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला आणि हात पानावर. तक्त्यात ती श्रमशक्तीत मोजली जाते, म्हणून तक्ता खूश. तिची पाठ आणि तिचा खोकला त्यात कुठे दिसत नाही.

बाईची अडचण ध्यानात घेऊन काम देणे महाराष्ट्राला नवे नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेच्या कामांवर दुष्काळात हजारो बायका आल्या, कारण काम गावाजवळ होते आणि मजुरी बाई-पुरुषाला एकच होती. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातही कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, अशी तरतूद केली गेली. किती ठिकाणी अशी बाई नेमली गेली, हे इथे बसलेल्या कार्यकर्त्यांनी व्यासपीठावरून सांगावे.

दोन दिवसांत आपण अनेक निबंध ऐकाल. माझी विनंती एवढीच की समारोपाच्या ठरावात पहिले कलम पाळणाघराचे असावे आणि दुसरे बापाच्या रजेचे. त्यावर सही करताना सभागृहातल्या प्रत्येक पुरुषाने आपल्या घरातली किती मिनिटे आपण उचलणार, हेही ठरवावे.