भिंतीमागचे पाणी

(बांधकाम कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



अभ्यासवर्गात वेतनावर बोलावे, संघटनेवर बोलावे, कायद्यावर बोलावे; उतारावरील चिकणमातीच्या ओल्या जागेत घराची भिंत कशी बांधावी हा विषय येथे कशासाठी, असे कोणी विचारले तर ते अस्वाभाविक म्हणता येणार नाही. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जण गवंडी आहेत आणि थापी कशी धरावी हे त्यांना मी शिकवावे, हे तर हास्यास्पदच ठरेल. तरीही हा विषय मी आग्रहाने निवडला, त्याचे कारण २०१९ सालच्या चार दिवसांत आहे.

त्या वर्षी २९ जूनच्या मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची आवारभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोपटांवर कोसळली आणि १५ माणसे मेली. १ व २ जुलैच्या दरम्यानच्या रात्री पुण्यातच आंबेगाव येथे एका महाविद्यालयाची भिंत अशाच खोपटांवर पडून ६ जण गेले. त्याच रात्री मुंबईत मालाडच्या कुरार भागात, डोंगरावरील जलाशयाच्या आवाराची भिंत पिंपरीपाड्यातील झोपड्यांवर आली आणि सुमारे ३० माणसे दगावली. वर्तमानपत्रांनी लिहिले की पावसाने भिंत पडली. पाऊस तर आपल्या देशात दरवर्षी पडतो. पावसाने पडणारी भिंत पावसाळी प्रदेशात बांधली कशी गेली, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर गवंडीकामाच्या ज्ञानातून जाते म्हणून आज त्याचा विचार करावयाचा.

प्रथम एक साधा हिशेब मांडतो. उतार तोडून घरासाठी सपाट जागा केली की वरच्या बाजूची माती थोपविण्यासाठी भिंत घालावी लागते. सामान्य समज असा की ही भिंत मातीशी झुंजते. कोरडी, मुरमाड माती बरीचशी स्वतःच्या अंगावर उभी राहते. भिंतीवर ती माफक रेलते. परंतु तिच्या मागे पाणी साचले की चित्र पालटते. पाणी रेलत नाही, ते सर्व शक्तीनिशी ढकलते. ३ मीटर उंचीच्या भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी तुंबले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर केवळ पाण्याचा रेटा साडेचार टन होतो. ३ मीटर उंचीची, तळाशी दीड मीटर व माथ्यावर ६० सेंटिमीटर जाडीची उत्तम दगडी भिंत घेतली, तर दर मीटर लांबीत तिचे वजन सात टनांच्या आसपास भरते. सात टन साडेचारांपेक्षा जास्त आहेत म्हणून निश्चिंत होऊ नये. तळ घसरू न देणारे घर्षण वजनाच्या निम्म्याएवढे मिळाले तरी पुष्कळ, आणि खाली ओली चिकणमाती असेल तर तेवढेही मिळत नाही. म्हणजे मातीचा भार मोजण्यापूर्वीच भिंत हरलेली असते.

दुसरी गोष्ट, उंची दुप्पट केली की हा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि भिंतीला उलथवून टाकण्याची त्याची ताकद आठपट होते. जुन्या भिंतीवर चार थर चढवून अंगण वाढविण्याचा मोह ज्याला होतो, त्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

यावरून या कामाचा पहिला नियम निघतो. भिंत किती मजबूत करता येईल हे पाहण्यापूर्वी तिच्यामागचे पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाईल हे पाहावे.

कोकणातल्या शेतकऱ्याला हा नियम कोणी शिकविला नव्हता, पण त्याच्या गडग्यात तो आहे. जांभ्याचे दगड चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय एकावर एक रचलेला गडगा पिढ्यान्‌पिढ्या पावसाला तोंड देतो, कारण त्याच्या प्रत्येक फटीतून पाणी निथळते. त्याच गडग्यावर कोणी हौसेने सिमेंटचा गिलावा चढविला, तर तो पाण्याची वाट बंद करतो आणि ज्याला आपण पक्के करणे म्हणतो त्यानेच भिंत कमकुवत होते. अर्थात गडगा हा कमरेएवढ्या, फार तर छातीएवढ्या उंचीचा उपाय आहे. घराइतक्या उंचीची माती तो थोपवू शकणार नाही. त्यासाठी बांधीव भिंत हवी. पण निथळण्याचा गडग्याचा गुण त्या भिंतीत आणला पाहिजे.

तो कसा आणावयाचा? भिंतीच्या पाठीमागे निघालेली चिकणमाती पुन्हा लोटू नये. ती पाणी धरते, फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. पुढच्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खोलवर उतरते. तिच्या जागी भिंतीला लागून किमान फूटभर जाडीचा खडी व दगडचिपांचा थर तळापासून वर आणावा. भिंतीत दीड-दोन मीटरच्या अंतराने, ओळीवर ओळ, बाहेरच्या अंगाला किंचित उतार देऊन तीन-चार इंची नळ्या बसवाव्यात. नळीच्या आतल्या तोंडाशी मोठे दगड व मग लहान दगड रचावेत, म्हणजे गाळाने ती बुजत नाही. भरावाचा माथा मात्र चिकणमातीने घट्ट चोपून बंद करावा. तेथे तिचा पाणी न सोडण्याचा दोष गुण ठरतो. माथ्याच्या वर उतारावर एक चर काढून डोंगराचे पाणी बाजूच्या ओढ्याकडे वळवावे. छपराची पागोळी आणि न्हाणीचे पाणी भिंतीमागे कधीही सोडू नये.

पाया उतारावर सपाट ठेवू नये. पायऱ्यापायऱ्यांनी खोदून तो मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा आणि त्याचा तळ डोंगराच्या अंगाला थोडा झुकता ठेवावा. दर्शनी बाजूही ओळंब्यात सरळ न ठेवता डोंगराकडे कलती घ्यावी. सांधेमोड पाळावी आणि ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालावेत. आरपार दगड नसलेली जाड भिंत म्हणजे पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन वेगळ्या भिंती होत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या अशाच जाड भिंती फाकल्या आणि माणसे आपल्याच घराच्या दगडांखाली गाडली गेली.

जमीन ओळखणे हेही गवंड्याचेच काम आहे. देशावरची काळी माती बेसॉल्ट खडक कुजून झालेली. ती ओलीने फुगते. तिच्यात उथळ पाया घातला तर घर दर ऋतूला वर-खाली होते व भिंतीला तिरप्या चिरा पडतात. भेगा जेवढ्या खोल जातात त्याच्या खाली पाया गेला पाहिजे. कोकणातला जांभा निराळा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेत ठेवल्यावर टणक होतो. बुकानन या प्रवाशाने १८०७ साली मलबारातील याच दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे नाव दिले. परंतु या टणक जांभ्याच्या कवचाखाली अनेक ठिकाणी पांढुरक्या-गुलाबी चिकणमातीचा थर असतो. कवचातून झिरपलेले पाणी त्या थरावर येऊन थांबते. पायथ्याशी यंत्राने उतार उभा तोडला आणि हा थर उघडा पडला, की वरचे सारे कवच निसरड्या पाटावर बसविल्यासारखे होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपली कला सर्वशक्तिमान नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही गावे ज्या दरडींखाली गेली, त्या कोणत्याही गवंड्याच्या भिंतीने थांबल्या नसत्या. अशा जागी घर बांधू नये, आणि बांधलेल्यांना योग्य जागा द्यावी, हाच उपाय. पण योग्य जागा दिल्याने काम संपत नाही. माळीणच्या बचावलेल्यांसाठी जवळच नवे गाव वसविले गेले, एप्रिल २०१७ मध्ये घरे त्यांच्या स्वाधीन झाली, आणि त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तेथला भराव खचून रस्त्यांना व अंगणांना तडे गेले. पाणी आणि भराव यांचा विचार घराइतकाच महत्त्वाचा असतो, हा धडा मरण पाहून आलेल्या माणसांना नव्या घराच्या उंबऱ्यात पुन्हा गिरवावा लागला.

मग हे ज्ञान असताना भिंती का पडतात? याचे उत्तर कामाच्या रचनेत आहे. भिंत दिसते, तिचे मोजमाप होते, तिचे पैसे मिळतात. मागचा खडीचा थर भराव पडल्यावर दिसत नाही. नळ्या खऱ्या आहेत की तोंडापुरत्या खोचलेल्या, हे बाहेरून कळत नाही. जे दिसत नाही त्यात बचत करणे हा नफ्याचा स्वभावच आहे. ठेकेदार उपठेकेदाराला काम देतो, तो मुकादमाला देतो, आणि अखेरीस भिंत ज्याच्या हातून उभी राहते त्याला नाक्यावरून रोजावर आणलेले असते. मागे माती लोटू नका, हे त्याला कळत असते. पण बोलला तर उद्या काम नाही, हेही त्याला कळत असते.

या देशात दगड फोडणाऱ्या व माती उपसणाऱ्या वडार समाजाला परकीय राजवटीने गुन्हेगार जमातींच्या कायद्यात घातले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला तेव्हा कोठे तो शिक्का पुसला गेला. हाताने काम करणाऱ्याच्या ज्ञानाला ज्ञान न म्हणण्याची आपली सवय मात्र रद्द झालेली नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला, वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला आणणाऱ्याची नोंदणी होऊ लागली. हे मोठेच पाऊल होते. पण त्या कायद्यानेही कामगाराला संरक्षण देण्याजोगा जीव मानले. काम चुकीचे होत आहे असे म्हणण्याचा अधिकार असलेला जाणकार मानले नाही.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, उतारावर झोपड्या घालणारे अतिक्रमक आहेत, त्यांना उठवा म्हणजे प्रश्न मिटेल. कोंढव्यात मेलेले मजूर अतिक्रमक नव्हते. कामावर आणून त्यांना भिंतीच्या पायथ्याशी राहावयास लावले होते. आणि सपाट, कोरडी जमीन ज्यांच्या आवाक्याबाहेर गेली ते उतारावर चढले, यात निवड कसली? ज्या व्यवस्थेत चांगली जमीन पैशाने मिळते तेथे ओली, कलती, खचणारी जमीन गरिबाच्याच वाट्याला येणार.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक कामाच्या प्रत्येक निविदेत संरक्षक भिंतीचा निचरा ही स्वतंत्र बाब असावी, आणि मागचा थर भरावाखाली जाण्यापूर्वी त्याची तपासणी होऊन नोंद व्हावी. कोणत्याही उंच भिंतीच्या पायथ्याशी मजुरांची खोपटे घालण्यास बंदी असावी. उतारावरील वस्त्यांना नगरपालिकेने अभियंत्याचा सल्ला विनामूल्य द्यावा. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक भिंतीची पाहणी व्हावी आणि त्या पाहणीत वस्तीतला गवंडी सभासद म्हणून असावा.

यातली शेवटची मागणी मंजूर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ती आपण येत्या मेपासून अमलात आणू शकतो. आपापल्या वस्तीतील भिंतींपाशी जा. पोट सुटलेली भिंत, माथ्यावर उताराला आडवी गेलेली भेग, भर पावसात कोरडी राहिलेली नळी किंवा गढूळ पाणी ओकणारी नळी, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी तारीख घालून लेखी कळवा आणि पोच घ्या. पावसाळ्यात अशी खूण दिसली तर उत्तराची वाट न पाहता त्या भिंतीखालची माणसे आधी हलवा. आपल्या हातांना जे ठाऊक आहे ते कागदावर यावे, आणि उद्या कोणाला पावसाकडे बोट दाखवून मोकळे होता येऊ नये, एवढ्यासाठी हा विषय मी आज आपल्यापुढे ठेवला.