मनाच्या जखमेवरही उपचार आहे



कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं.
पैंजण घडवताना एखाद्या ताईची छाती धडधडते.
रात्री झोप लागत नाही.
यामागे घरातली मारहाणही असू शकते.

अशा वेळी रुग्णालयातली मानसोपचार परिचारिका तिला एकांतात बसवते.
घाई न करता ऐकते.
घरी परतणं सुरक्षित आहे का, हे विचारते.
श्वास संथ करायला शिकवते.
मग डॉक्टर आणि समुपदेशकांशी गाठ घालून देते.

ताई, दोष तुमचा नाही.
कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या हेल्पलाइनला मोफत फोन करा: १४४१६.
पुन्हा ऐका: एक, चार, चार, एक, सहा.
घरात छळ होत असेल, तर १८१.
जिवाला धोका असेल, तर लगेच ११२.

दोष तुमचा नाही. मदत मागा.