दिव्यांग विद्यार्थ्याचे महाविद्यालय आणि आपली पेढी
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. तथापि शैक्षणिक साहाय्यावर बोलण्याची आज्ञा झाली, आणि या विषयाची एक बाजू काही वर्षांपासून मनात घोळत होती. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. परंतु ज्यास दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा पाय अधू आहे, ते मूल बारावीनंतर कोठे जाते, याची नोंद आपल्या कोणत्याही वहीत नाही.

अपंगसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जयपूर फूट येतो. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते कार्य देशभर नेले, याचा आपणांस यथार्थ अभिमान आहे. पण कृत्रिम पायाने मूल महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत पोहोचते आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो! जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी हे स्वतः पाहिले. वर्ग तळमजल्यावर आणण्यास एक रुपयाही लागला नसता. कोणी लेखी मागणी केली नव्हती, इतकेच.

ही मागणी करण्यास कायद्याचा आधार आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि प्रकार २१ झाले. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक आहे, त्यांना शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असून कमाल वयात ५ वर्षांची सूट आहे. लेखी परीक्षेत पात्र विद्यार्थ्यास दर तासाला किमान २० मिनिटे अधिक मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरास एक तास. लेखनिकाची सोयही आहे. मात्र अर्ज परीक्षेच्या पुष्कळ आधी प्राचार्यांमार्फत गेला पाहिजे. टक्केवारी ४० हून कमी, तरी हाताने लिहिणे अवघड, अशांनाही लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितले. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने तशी नियमावलीही काढली.

उलट प्रकारही घडतो. वाचादोषाची टक्केवारी ४० हून अधिक म्हणून महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्यास एमबीबीएसला अपात्र ठरविले गेले. २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की, केवळ आकड्यावरून दार बंद करता येणार नाही. हा मुलगा अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो काय, हे मंडळाने पाहावे. न्यायमूर्ती आपल्या विदर्भाचेच, अमरावतीचे.

त्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, हे आपल्या भागाने विशेष लक्षात घ्यावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, आदिवासी व अनुसूचित जातींच्या कुटुंबांत, हा रक्तदोष अधिक आढळतो. बाहेरून काहीच दिसत नाही. सांधे-हाडांत वेदना उठल्या की आठ-आठ दिवस वर्ग बुडतो आणि उपस्थितीच्या नोंदवहीत मुलगी कामचुकार ठरते. आमच्या दुकानी वर्षानुवर्षे येणाऱ्या एका शेतमजुराच्या कन्येचे असेच झाले. तिच्याकडे प्रमाणपत्र असते, तर प्राचार्यांकडे उपस्थितीत सवलत मागता आली असती. नोकरीतील राखीव जागांच्या कलमात रक्तदोष नाहीत, महाविद्यालयीन प्रवेशाच्या कलमात आहेत. हा भेद पालकांना कोणी समजावून सांगत नाही.

प्रमाणपत्राचीच मोठी अडचण आहे. यूडीआयडी कार्डाचा अर्ज संगणकावर भरता येतो, परंतु तपासणीस चंद्रपूर गाठावे लागते. कोठारी, बल्लारपूर मार्गे पन्नासेक किलोमीटर. एसटीत दिव्यांगास ७५ टक्के सवलत आहे. काळीपिवळीत ती कोण देणार? आणि आतल्या गावांना एसटी किती वेळा जाते, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. एका फेरीत काम झाले नाही तर बापाची पुन्हा एक मजुरी बुडते. तिसऱ्या फेरीस बहुतेक जण जातच नाहीत.

आता पैशाविषयी. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत आहे. २०२५-२६ पर्यंतच्या योजनेत पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये होती. राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे. शिवाय ग्रामपंचायत, नगरपंचायत, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. श्रवणयंत्र वा तीनचाकी सायकलीसाठी तेथे अर्ज करण्यास संकोच नको.

म्हणजे योजना आहेत. तोटा कोठे आहे, ते व्यापारी चटकन ओळखेल. खोलीभाडे, मेस आणि पुस्तके जुलैत रोखीने लागतात. शिष्यवृत्ती खात्यावर पडते शैक्षणिक वर्षाच्या शेवटी, कधी त्याहूनही नंतर. कागदावर येणे भक्कम, गल्ल्यात रोकड शून्य. अशा स्थितीत चांगले दुकानही बुडते, मग शेतमजुराचे घर कसे तरेल? मूल जुलैत गेले नाही, तर मार्चमधील शिष्यवृत्ती घेणार कोण?

माझी सूचना अशी की, संस्थेने फिरता निधी काढावा. प्रवेशाच्या वेळी बिनव्याजी रक्कम द्यावी, शिष्यवृत्ती जमा झाली की परत घ्यावी, आणि तीच पुढच्या मुलास द्यावी. चंद्रपूरच्या फेऱ्यांचा खर्च मात्र परत मागू नये. शाल-श्रीफळ नको, फलकावर नाव नको; उसने घेणाऱ्याचे नाव आपण बाजारात सांगत नाही, तसेच येथेही.

हा निधी समाजापुरता असावा, असे काही विश्वस्तांचे मत आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी असहमती नोंदवितो. आपली घरे येथे मोजकी आहेत. आपले दुकान, आपली पेढी ज्यांच्या खरेदीवर तीन पिढ्या चालली, त्या खेड्यांतील मुले या निधीबाहेर ठेवावीत, हे मला पटत नाही. याच जिल्ह्यात, वरोऱ्यास बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीने आनंदवनाच्या परिसरात अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा चालविल्या, महाविद्यालयही उभारले. तेथे कोणी जात विचारली नाही.

निधीचा निर्णय विश्वस्त मंडळाने करावयाचा आहे. आमच्या पेढीतर्फे ५१,००० रुपये आज कोषाध्यक्षांकडे जमा करीत आहे. ते कोणाच्याही नावे न लावता थेट निधीत घ्यावेत. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, तेव्हा ठराव त्यापूर्वी व्हावा, एवढी विनंती.

जय जिनेंद्र.