कठड्यावरून उतरणारी सायकल



डॅनी मॅकॅस्किल हा तेव्हा एडिंबरोत सायकली दुरुस्त करणारा कामगार होता. २००९ साली त्याच्या कसरतींची फिल्म जगभर गेली. ती पाहून पोरे पहिल्याच दिवशी भिंतीवर चढतात. त्याच फिल्मच्या आरंभी तो टोकदार गजांच्या कुंपणावर पुन्हा पुन्हा फसतो, ते मात्र कोणी ध्यानात ठेवीत नाही!

या ट्रायल्स प्रकारात वेगाला किंमत नाही. पाय जमिनीला टेकला की दोष लागतो. शिकणाऱ्याने फुटपाथच्या कडेपासून आरंभ करावा. पायडले समपातळीत ठेवून उभे राहावे. कडेशी येताच वजन मागे न्यावे आणि पुढचे चाक किंचित उचलून धरावे. ते झुकले तर माणूस हँडलवरून पुढे जातो. मागचे चाक आधी टेकावे, लगोलग पुढचे. पुढचा ब्रेक त्या क्षणी दाबू नये. आणि गुडघे, कोपरे सैल हवेत. आम्ही हमालांत वावरलो, म्हणून हे लगेच पटले. ट्रकच्या फाळक्यावरून उडी टाकणारा अनुभवी हमाल गुडघे ताठ ठेवीत नाही. ठेवील तर सारा हिसका कमरेत जाईल.

पुढे विटांवर फळी मांडावी. दहा वेळा निर्धास्त उतरता आले, तरच आणखी एक वीट चढवावी. हेल्मेट हवेच, नडगीलाही पट्टी हवी. पायडलाचे दात कातडी सोलतात. आणि कडेवरून मागे फिरणाऱ्याला सोबत्यांनी हसता कामा नये. भेकड म्हटले की पोरगा न पेलणारी उंची घेतो. कारखान्यात सुद्धा आम्ही बोटे अशीच गेलेली पाहिली आहेत.