स्वस्त रायफल, पक्का नेम



अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थँक्सगिव्हिंगचा गुरुवार उलटला की लगेच येणाऱ्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा रायफलचा हंगाम सुरू होतो. 2019 च्या आधी तो सोमवारी सुरू व्हायचा आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळा त्या सोमवारी सरळ सुट्टी देऊन टाकायच्या. मास्तरच रानात, मग शाळा उघडायची कुणासाठी! या राज्यात हरणाच्या शिकारीला आपोआप पुढचं काडतूस भरणारी रायफल चालत नाही. त्यामुळे बहुतेकांच्या हातात बोल्टची रायफल दिसते. दाराच्या कडीसारखा दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर उडते. दांडा पुढे ढकलून खाली दाबला की नवं काडतूस नळीत बसतं.

भारतात ऐकणाऱ्यांसाठी हे बोलणं माहितीपुरतंच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपली, आणि ते योग्यच झालं. परवान्यावर मिळणारी आपली देशी बोल्टची रायफल म्हणजे इच्छापूर कारखान्याची .315. फौजेचं .303 काडतूस सामान्य माणसाला मना, म्हणून हे वेगळं माप. त्याची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होतात. 

मी यंत्रशाळेत आयुष्य काढलेला माणूस. शिकारीपेक्षा मला बंदूक कशी घडवली आहे यात जास्त रस. अमेरिकेत वाढलेला आमच्या परिचितांचा एक मुलगा शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करून आला आणि म्हणाला, "काका, पाचशे-सहाशे डॉलरमध्ये नेमाची रायफल मिळते का, की हजार-दोन हजार घालावेच लागतात?" मिळते, असं मी त्याला बेधडक सांगितलं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इतकं बेधडक सांगता आलं नसतं.

जिम कॉर्बेट आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर 1907 मध्ये त्यांना .275 रिग्बी रायफल भेट मिळाली. लंडनच्या रिग्बीने ती जर्मन माउझरच्या यंत्रणेवर बांधली होती. माउझरची ही 1898 ची रचना आजच्या बहुतेक बोल्ट रायफलींची आजी. पण त्या काळच्या चांगल्या रायफलीत कारागिराचे दिवसच्या दिवस जात. कानस, लॅपिंग, पुन्हा मोजणं, पुन्हा कानस. नेमाची किंमत म्हणजे त्या हाताची मजुरी.

ही मजुरी काढून टाकायचं काम ज्यांनी केलं त्यांतलं एक नाव निकोलस ब्रूअर. सॅव्हेज कंपनीसाठी त्यांनी 1958 मध्ये मॉडेल 110 ही रायफल काढली. पहिली किंमत 109 डॉलर 95 सेंट, त्यावरूनच 110 हे नाव पडलं असं सांगतात.

यात गंमत काय आहे ती सांगतो. काडतूस नळीत बसल्यावर बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यात किती फट राहावी याचा हिशोब इंचाच्या हजाराव्या भागात असतो. फट जास्त झाली तर पुंगळी फाटू शकते, कमी झाली तर बोल्ट बंदच होत नाही. जुनी रीत अशी की नळी आट्यांवर फिरवून खांद्यापर्यंत घट्ट बसवायची आणि मग काडतूस बसायची आतली खोबण रीमरने थोडी थोडी खोल करत ते माप गाठायचं. हे कसबी फिटरचं काम. ब्रूअर यांनी नळीवर लांब आटे पाडले आणि त्यावर एक मोठा नट चढवला. खोबणीत काडतुसाच्या मापाचं गेज ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत हाताने फिरवायची आणि नट आवळायचा. झालं काम! दिवसाचं कसब मिनिटांवर आलं. रायफल दिसायला मात्र अगदीच रांगडी झाली. नळीच्या बुडाशी खाचांचं ते कडं पाहून जुने शिकारी नाकं मुरडत. मला तो नट सुंदर वाटतो, पण मी फिटर आहे.

दुसरी युक्ती बोल्टच्या डोक्याची. बाकीच्या रायफलींत बोल्ट एकसंध, त्यामुळे बोल्टला कुलूपबंद करणारे पुढचे दोन कान सारखे टेकावेत म्हणून ते घासून जुळवावे लागत. सॅव्हेजने डोकं वेगळं करून पिनेवर बसवलं, त्याला केसभर हालायला जागा ठेवली. बार होताना ते आपोआप दोन्ही कानांवर सारखं बसतं. ही कंपनी 1988 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा रॉन कोबर्न यांनी बाकीच्या बंदुका बंद करून या 110 वरच ती पुन्हा उभी केली. उगीच नाही.

राहिली गोष्ट चापाची. अमेरिकेत अपघात झाला की कंपनीवर दावा ठरलेला. त्या धास्तीने कारखाने चाप इतके जड ठेवू लागले की सात पौंडांच्या रायफलीचा चाप ओढायला सहा-सात पौंडांचा जोर लागे. जोर लावताना नळी हलणारच. या शतकाच्या सुरुवातीला सॅव्हेजने चापाच्या मधोमध पातळ पातं बसवलं. पातं पूर्ण दाबल्याशिवाय चाप सुटत नाही, म्हणून चाप हलका ठेवला तरी धोका नाही. मग इतरही बऱ्याच कंपन्यांनी असले चाप काढले.

नळ्याही स्वस्त झाल्या. पोलादाच्या नळकांड्यात उलट्या पिळाचा कठीण दांडा घालून बाहेरून यंत्राच्या हातोड्यांनी ठोकलं की काही मिनिटांत आतले पीळ उठतात. रुगर कंपनीची 'अमेरिकन' ही रायफल अशाच ठोकलेल्या नळीची. ती बाजारात आली तेव्हा छापील किंमत होती 449 डॉलर. फिनलंडची टिका ही त्याहून महाग. पण तिचा बोल्ट एकदा ओढून पाहिला की खिशाकडे हात जातोच.

आता नेमाबद्दल. शिकारी 'मिनिट' हे माप वापरतात, म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर ते एक इंचाहून किंचित जास्त भरतं. स्वस्त रायफल दीड इंचात गोळ्या टाकते असं धरा. दोनशे यार्डांवर झाले तीन इंच. हरणाच्या छातीतली मर्माची जागा सुमारे आठ इंचांची. मग अर्ध्या इंचाच्या रायफलीसाठी तिप्पट पैसे कशाला? आणि दुकानदार तीन गोळ्यांची नाण्याएवढी भोकं दाखवील त्यावर जाऊ नका. तीन गोळ्या कुणाच्याही नशिबाने जुळतात. दहा झाडून दाखव म्हणावं.

पैसे वाचवले आहेत ते दस्त्यात, मॅगझिनमध्ये आणि वरच्या सफाईत. बोल्ट खुळखुळतो, मॅगझिन प्लास्टिकचं असतं, ते मी चालवून घेतो. दस्त्याकडे मात्र नीट पाहावं. दुकानातच एक डॉलरची नोट काढा, नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत घाला आणि मागे ओढत न्या. बुडापर्यंत ती अडखळता कामा नये. मग दस्त्याचं टोक दोन बोटांत धरून नळीकडे दाबा आणि पुन्हा नोट ओढा. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता इथे लवतो आणि नोट अडकते. रानात पट्टा ताणून धरला किंवा ओंडक्यावर रायफल टेकवली की हाच दस्ता नळीला लागतो आणि गोळी भलतीकडे जाते. नोट अडकली तर दुसरी रायफल मागा.

काडतूस कोणतं? त्या मुलाला .300 मॅग्नम हवं होतं, चित्रपट पाहून. मी म्हटलं, .243 विंचेस्टर घे, नाहीतर 6.5 क्रीडमूर, फार तर .308. खांद्याला बसणारा धक्का माणसाचा नेम बिघडवतो, आणि तो बिघडला आहे हे माणसाला कळत नाही. एक खेळ करून बघा. चाचणीच्या मैदानावर मित्राला रायफल भरून द्यायला सांगा. त्याने कधी खरं काडतूस घालायचं, कधी बारूद नसलेलं नकली, तुम्हाला न सांगता. नकली काडतुसावर चाप ओढला की 'टक्' होतं आणि नळीचं टोक खसकन खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. कसलेले गडीसुद्धा लाजतात. शिवाय ही तीन काडतुसं आडगावच्या दुकानातही मिळतात. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी हा गुण फार मोठा.

सहाशे डॉलर सगळे रायफलीवर घालू नका. चारशेची रायफल, उरलेल्यात बरी दुर्बीण आणि तिला धरणारी कडी. दुर्बिणीचे स्क्रू सैल राहिल्यामुळे जितक्या रायफली 'बिघडल्या' म्हणून विकल्या जातात, तितक्या खऱ्या बिघडत नसतील. दर महिन्याला काडतुसांची एक पेटी, तीही बाकावर टेकून नव्हे, तर गुडघ्यावर बसून, उभं राहून झाडायला हवी. रानात बाक कुठला?

जुनी घेत असाल तर बोल्ट काढून नळीतून उजेड पाहा. नळीच्या तोंडाच्या कडेवरून कापसाची काडी फिरवा; धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे, आणि गोळी सुटते ती त्याच कडेवरून. स्क्रूंच्या खाचा चिरडलेल्या असतील तर कुणीतरी हौशी हात आत फिरला आहे. आणि रायफल सॅव्हेज असेल तर त्या नटाकडे पाहा. त्यावर पान्याचे वण दिसले तर घरी नळी बदललेली आहे. तसं करायला हरकत नसते, कितीतरी लोक करतात. पण विकणाऱ्याने गो आणि नो-गो ही दोन्ही गेज तुमच्यासमोर लावून दाखवावीत. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि नो-गोवर होता कामा नये. त्याच्याकडे गेज नसतील तर आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे चला म्हणावं, पैसे मग.